सांडून गेलेलं पाणी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचं पत्र आलं. मुलीचं सिझेरियन झालं, कमरेत सुई देऊन भूल दिली होती, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण दुसऱ्या दिवसापासून मुलगी बाळाला पाजायला उठून बसली की डोकं ठणकायला लागायचं, कळ मानेपर्यंत उतरायची. आडवी झाली की थोड्याच वेळात सगळं शांत. शेजारणी म्हणाल्या, वारं लागलं, कान बांध. कुणी म्हणालं, मणक्यातलं पाणी काढलंय, आता हे जन्माचं दुखणं. बाईंनी मात्र दोनच प्रश्न विचारले आहेत: ‘सुई कमरेत टोचली, मग डोकं कसं दुखतं? आणि झोपलं की थांबतं कसं?’

प्रश्न इतके नेमके आहेत की उत्तर द्यायला बसलं की मेंदूभोवतीचं सगळं शरीरशास्त्र हजर होतं. त्या शरीरशास्त्रामागे एक गोष्टही आहे. ज्या पाण्याबद्दल बाई विचारतायत ते प्रत्येक माणसाच्या डोक्यात आणि कण्यात कपभर तरी असतं. तरीही शरीरं कापून पाहणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नजरेतून ते सुटलं.

आधी मेंदूबद्दल. प्रयोगशाळेच्या बरणीत आपण पाहतो तो मेंदू औषधात ठेवून घट्ट झालेला असतो. जिवंत मेंदू खरवसासारखा. तोही पहिल्या दिवसाच्या चिकाच्या, सुरीनं वड्या पडणाऱ्या खरवसासारखा नव्हे. चिकात दूध जास्त पडलं की जो खरवस ताटात उभा राहत नाही आणि स्वतःच्याच भारानं बसतो, त्याच्यासारखा. असा सुमारे चौदाशे ग्रॅमचा गोळा कवटीत ठेवायचा आहे आणि कवटीचा तळ काही सपाट नाही. त्यावर हाडांचे धारदार कंगोरे आहेत. नुसता ठेवला तर खालचा भाग वरच्या भाराखाली चेपला जाईल, तिथल्या रक्तवाहिन्या दबतील आणि पायरी चुकून बसलेला साधा हिसकाही महागात पडेल.

निसर्गानं यावर काढलेली तोड विहिरीवर पाणी शेंदलेल्या कुणालाही चटकन कळेल. भरलेली घागर पाण्यात बुडालेली असते तोवर दोर दोन बोटांनी ओढता येतो. तिचा काठ पाण्याबाहेर आला रे आला की तिचं खरं वजन हाताला कळतं आणि पाय घट्ट रोवावे लागतात. घागर तीच, पाणीही तेवढंच. आधार तेवढा सुटला. आपला मेंदू आयुष्यभर त्या बुडालेल्या घागरीसारखा असतो. भोवतीच्या पाण्यामुळे चौदाशे ग्रॅमचा भार अवघ्या पन्नास ग्रॅमच्या आसपास उरतो. ही घागर पाण्याबाहेर आली तर काय होतं, ते बाईंच्या मुलीनं अनुभवलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

हे पाणी धरून ठेवायला तीन आवरणं आहेत. सर्वांत बाहेरचं ड्युरा मेटर चामड्यासारखं चिवट आणि कवटीला आतून चिकटलेलं असतं. त्याची एक घडी मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांमध्ये विळ्यासारखी उतरते, दुसरी मोठ्या मेंदूच्या खाली आणि लहान मेंदूच्या वर राहुटीच्या छतासारखी ताणलेली असते. शरीरशास्त्राच्या लॅटिन नावांचा अर्थही ‘विळा’ आणि ‘तंबू’ असाच आहे. ड्युराच्या आत अरॅक्नॉइड, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखं. सर्वांत आत पाया मेटर. ते इतकं तलम असतं की मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरून त्याच्याशी एकजीव झालेलं दिसतं. अरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामध्ये बारीक धाग्यांनी विणलेली पोकळी आहे आणि आपलं पाणी त्या पोकळीत असतं. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकं मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात सगळे ‘मणक्यातलं पाणी’ म्हणतात. तिसरं नाव मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात काही खोटं नाही. ही आवरणं आणि हे पाणी कवटीपाशी संपत नाहीत, थेट कमरेखालपर्यंत जातात.

‘मेटर’ म्हणजे आई. मेंदूच्या आवरणाला आई कुणी म्हटलं? दहाव्या शतकातला इराणी वैद्य अली इब्न अल्-अब्बास यानं अरबीत लिहिलेल्या ग्रंथात एक जाड आणि एक पातळ अशा दोन ‘आया’ येतात. दोन वस्तूंमधलं नातं सांगायला आई, बाप, मूल हे शब्द वापरायची अरबीची रीतच आहे. बाराव्या शतकात अँटिऑकच्या स्टीफननं हा ग्रंथ लॅटिनमध्ये नेला तेव्हा जाड आई ‘ड्युरा’ म्हणजे कठोर झाली आणि पातळ आई ‘पाया’ म्हणजे मायाळू झाली. पातळचं मायाळू होणं ही भाषांतरातली चूक असेल, पण मेंदूला बिलगून बसलेल्या त्या पापुद्र्याला ते नाव शोभतं.

आता पाण्याची वाट. मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या आहेत. त्यांच्यात लालसर, झुबक्यासारखे रक्तवाहिन्यांचे पुंजके असतात आणि रक्तातून निवडून घेतलेलं पाणी मुख्यतः तेच सोडतात. मिनिटाला साधारण सात थेंब, दिवसाला अर्धा लिटर. एका वेळी डोक्यात आणि कण्यात मिळून असतं दीडशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. वरच्या दोन पोकळ्यांतून ते मधल्या तिसरीत येतं, तिथून मोहरीच्या दाण्याएवढ्या अरुंद बोळातून चौथीत आणि चौथीच्या तीन भोकांतून बाहेर पडून मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात पसरतं. शेवटी डोक्याच्या माथ्याशी ड्युरामध्ये असलेल्या मोठ्या शिरेत ते रक्ताला मिळतं. या शिरेत अरॅक्नॉइडचे बारीक कोंब शिरलेले असतात आणि त्यांच्यातून पाणी पाझरतं. वैद्यकीय महाविद्यालयात जुनी कवटी हाताळायला मिळाली तर माथ्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना छोटे खळगे लागतात. ते या कोंबांनी हाडात उमटवलेले आहेत.

एवढी मोठी व्यवस्था इतकी वर्षं दिसली कशी नाही? याचं उत्तर दोमेनिको कोतुन्यो या माणसानं दिलं. मज्जाशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव जेवढ्या वेळा यायला हवं तेवढं येत नाही. नेपल्समधल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात काम करणारा हा डॉक्टर १७६४ साली अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला शोध घ्यायचा होता मांडीतून पायात उतरणाऱ्या कळेचा, आपण जिला सायटिका म्हणतो तिचा. त्या नसेचा माग काढत तो कण्याच्या पोकळीपर्यंत पोचला आणि तिथं त्याला पाणी सापडलं.

त्या काळी शवविच्छेदनाची रीत ठरलेली होती. आधी डोकं धडावेगळं करायचं, मग कवटी उघडायची. कोतुन्योनं लिहिलं की चूक नेमकी इथंच होते. मान कापली की मेंदूभोवतीचं आणि कण्यातलं पाणी त्या वाटेनं रक्तात मिसळून निघून जातं. मग कवटी उघडणाऱ्याला रिकामी जागा दिसते आणि तो म्हणतो, इथं काही नाही, जिवंतपणी वाफ असेल फार तर. कोतुन्योनं मान कापली नाही. शव अखंड ठेवून आधी कमरेचे मणके उघडले, ड्युराला छेद दिला आणि पाणी बाहेर आलं. वीसेक प्रौढ शवांवर त्यानं हे करून पाहिलं आणि पाणी भांड्यात धरून मोजलं: चार औंस, कधी पाच. आजच्या मापात हे एकशे वीस ते दीडशे मिलिलिटर होतं. आजची यंत्रं जो आकडा देतात त्याच्या इतक्या जवळ तो एका सुरीच्या आणि भांड्याच्या जोरावर पोचला होता.

सायटिकाचं कारण मात्र त्यानं चुकीचं सांगितलं. नसेच्या वेष्टणात हे पाणी साचून कळ येते असं त्याला वाटलं. आणि पुस्तक सायटिकावरचं असल्यामुळे त्यातली खरी मोलाची गोष्ट सायटिकाच्या मथळ्याखाली पडून राहिली. साठ वर्षांनी, १८२५ च्या सुमारास, पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माजांदीनं जिवंत प्राण्यांत हे पाणी दाखवलं, त्याला नाव दिलं आणि चौथ्या पोकळीच्या मधल्या भोकाला माजांदीचं नाव मिळालं. त्याचं काम मोठंच आहे. पण मी शिक्षक असतो तर वर्गात पहिल्यांदा कोतुन्योची गोष्ट सांगितली असती. त्याच्याकडे इतरांपेक्षा चांगलं हत्यार नव्हतं. आपल्या कापण्यानंच काही नाहीसं होत नसेल ना, ही शंका तेवढी त्याच्याकडे होती.

पाणी आहे हे कळलं, तरी जिवंत माणसातून ते सुखरूप काढायला १८९१ उजाडलं. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंकेनं कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घातली. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली पाण्यात फक्त नसांचे धागे लोंबत असतात आणि वाहत्या पाण्यातल्या गवतासारखे ते सुईच्या टोकाला वाट देतात. आजही डॉक्टर कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपतात, दोन्हींना जोडणारी रेषा मनात आखतात आणि तिच्या आसपास सुई घालतात. ड्युरा भेदल्याचा हलकासा ‘टक्’ हाताला जाणवतो, सुईतली काडी मागे घेतली की थेंब येऊ लागतात. नळी छापील कागदासमोर धरायची. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पाणी नितळ. ते गढूळ असलं तर मेंदूच्या आवरणांना पू झाल्याची शंका येते. क्षयाचा संसर्ग असेल तर नळी ठेवून दिल्यावर कधीकधी त्यात कोळिष्टकासारखी नाजूक जाळी धरते.

त्याच कीलमध्ये सात वर्षांनी बाईंच्या प्रश्नाचा पहिला साक्षीदार भेटतो. आऊगुस्ट बीअर या शल्यविशारदानं १८९८ च्या ऑगस्टमध्ये कण्यातल्या पाण्यात कोकेन सोडून कमरेखालचं शरीर बधिर करायची रीत सुरू केली. काही रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. असं का होतं हे पाहायला २४ ऑगस्टला बीअरनं स्वतःवरच प्रयोग करून घेतला. त्याचा सहकारी हिल्डेब्रांटनं सुई बरोबर घातली, पण सिरिंज त्या सुईवर बसेना. जोडाजोडी होईपर्यंत बीअरचं बरंच पाणी सांडून गेलं. मग हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाला. या वेळी सगळं जमलं. त्याचे पाय इतके बधिर झाले की नडगीवर लोखंडी हातोडी मारली तरी त्याला कळलं नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणून दोघांनी रात्री वाइन घेतली, सिगार ओढले.

पण लवकरच हिशेब चुकता झाला. हिल्डेब्रांटला उलट्या आणि डोकेदुखी झाली, वर नडग्याही ठणकत होत्या. बीअर उठून बसला की डोकं जड होऊन गरगरायचं, आडवा झाला की बरं वाटायचं. नऊ दिवस तो असा होता. स्वतःवरच बेतल्यामुळे त्याला कारण हेरता आलं: पाणी सांडलं, म्हणून हे झालं. सव्वाशे वर्षांनंतरही उत्तर तेच आहे.

आता बाईंचा पहिला प्रश्न. कमरेतल्या सुईनं ड्युराला बारीक भोक पडतं. बहुतेकांत ते लगेच मिटतं. काहींत पाणी आवरणाबाहेर झिरपत राहतं. कण्यातलं आणि डोक्यातलं पाणी एकच असल्यामुळे कमरेशी गळती झाली की तूट डोक्यात पडते, विहिरीतली घागर थोडी पाण्याबाहेर येते आणि मेंदू किंचित खाली सरकतो. गंमत अशी की मेंदूला स्वतःला वेदना नसते. वेदना असते ती ड्युराला आणि तिच्या शिरांना, आणि खाली सरकणारा मेंदू नेमका त्यांनाच ताण देतो. शिवाय कवटी ही बंद पेटी आहे. पाणी कमी झालं की ती जागा भरायला शिरा फुगतात आणि दुखण्यात भर पडते. दुसरा प्रश्न याच उत्तरात सुटतो. बसलं की पाण्याचा सगळा स्तंभ कमरेतल्या भोकावर उभा राहतो, गळती वाढते आणि मेंदू खाली ओढला जातो. आडवं झालं की डोकं आणि कंबर एका पातळीवर येतात आणि घागर पुन्हा पाण्यात जाते.

याच्या उलटही घडतं. मोहरीएवढा तो बोळ जन्मतःच अरुंद असेल किंवा संसर्गानं बुजला असेल, तर वरच्या पोकळ्यांत पाणी साचत जातं. बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, म्हणून डोकं मोठं होऊ लागतं. अशा बाळांच्या मेंदूतून पोटात पाणी उतरवणारी झडप बसवतात. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारी, न्यूरोसर्जन डॉ. छाब्रा यांच्या नावाची झडप इथं अभिमानानं सांगायला हवी. युगांडात १९५ मुलांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिची किंमत होती सुमारे ३५ डॉलर, तर समोरच्या परदेशी झडपेची सुमारे ६५०. एका वर्षानंतर दोन्हींच्या परिणामांत फरक आढळला नाही.

कोतुन्योचा धडा जुना झाला असं वाटत असेल, तर २०१५ सालची एक गोष्ट सांगतो. मेंदूला लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नलिका, नसतात असं पाठ्यपुस्तकं ठामपणे सांगत आली होती. व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या प्रयोगशाळेत आंत्वान लूव्हो या तरुणानं उंदराची आवरणं सोलून काढण्याआधी कवटीच्या टोपीतच औषधानं पक्की केली आणि नंतर सोडवली. आधी सोलताना फाटून जाणारी रचना आता जागच्या जागी राहिली आणि ड्युरात लसीकावाहिन्या दिसल्या. त्याच सुमारास हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या गटालाही त्या सापडल्या. ‘पाठ्यपुस्तकं बदलणार’ असे मथळे जगभर झळकले. पण इटलीच्या पाओलो मास्कान्यीनं १७८७ सालीच मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या असल्याचं नोंदवलं होतं. कुणी विश्वास ठेवला नव्हता.

अशीच दुसरी गोष्ट. १९८५ साली मेरीलँडमध्ये मार्शल रेनल्स, पॅट्रिशिया ग्रेडी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे पाणी मेंदूबाहेरच थांबत नाही. ते रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं मेंदूत खोल शिरतं आणि धमन्यांचे ठोके त्याला ढकलतात. ठोके मंद केले की शिरणं थांबतं. इतर प्रयोगशाळांना ते तसंच्या तसं जमलं नाही आणि विषय मागे पडला. २०१२ साली रॉचेस्टरमध्ये जेफ्री इलिफ आणि मायकेन नेडरगार्ड यांनी जिवंत उंदराच्या कवटीला खिडकी पाडून हा प्रवाह वाहताना पाहिला आणि विषय पुन्हा उभा राहिला. जीव गेला की रक्तवाहिन्यांच्या कडेच्या या वाटा मिटतात, म्हणून मेलेल्या मेंदूच्या चकत्यांत त्या नीट दिसत नाहीत. कोतुन्यो असता तर त्याला मुळीच नवल वाटलं नसतं.

पण २०१३ साली याच गटानं झोपेत उंदरांचा मेंदू जास्त वेगानं साफ होतो असं मांडलं आणि मोबाइलवर ‘झोप म्हणजे मेंदूची धुलाई’ असे संदेश फिरू लागले. पाठोपाठ मेंदू ‘डिटॉक्स’ करणाऱ्या गोळ्या-काढ्यांच्या जाहिरातीही आल्या. २०२४ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या गटानं उंदरांतच मोजून उलटा निष्कर्ष काढला: झोपेत आणि भुलीत सफाई कमी होते. वाद चालू आहे आणि तो मोजण्याच्या रीतीवरचा आहे. झोप हवीच, तिची कारणं पुष्कळ आहेत. पण उंदरांतला न मिटलेला वाद दाखवून माणसाला काढा विकणं ही फसवणूक आहे.

आता बाईंच्या मुलीकडे. ही डोकेदुखी ओळखीची आहे, तिला उपाय आहे आणि आजच्या बारीक, बोथट टोकाच्या सुयांमुळे ती शंभरात एखाद-दोघींनाच होते. शरीर रोज अर्धा लिटर पाणी करतं, त्यामुळे गळती थांबली की तूट आपोआप भरून निघते. बहुतेकींना विश्रांती, भरपूर पाणी, वेदनाशामक आणि थोडी कॉफी यांवर आठवडा-दोन आठवड्यांत बरं वाटतं. तेवढ्यानं थांबलं नाही तर भूलतज्ज्ञ तिच्याच हातातलं पंधरा-वीस मिलिलिटर रक्त काढून कमरेत, ड्युराच्या बाहेर सोडतात. ते गोठून भोकावर ठिगळ बसतं आणि पुष्कळ जणी त्याच दिवशी बसून बाळाला पाजू शकतात. ‘जन्माचं दुखणं’ ही भीती मनातून काढून टाका.

एक विनंती आहे. बाळंतिणीला बसल्यावर वाढणारं आणि झोपल्यावर थांबणारं डोकं दुखत असेल, तर ‘असं व्हायचंच’ म्हणून तिचे कान बांधू नका. त्याच दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. ताप आला, मान ताठली, झटका आला किंवा नजर अंधारली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा. मणक्यातलं पाणी शतकानुशतकं दिसलं नाही कारण ते पाहण्याआधीच सांडून जात होतं. बाळंतिणीचं दुखणंही असंच, कुणी विचारण्याआधी ती गिळून टाकते. म्हणून तिला आधी विचारा.